बाटलीवरचं लेबल : बर्बन, राय आणि एका हिरव्या पट्टीचा इतिहास



आजचा विषय ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "साठी उलटली, नातवंडं झाली, आणि आता कॅमेऱ्यासमोर बसून दारूवर बोलणार?" मी म्हटलं, दारूवर नाही, लेबलवर बोलणार आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "तेच ते."

तर हे तेच ते नाही, हे पटवून द्यायला मला पुढची पंधरा-वीस मिनिटं द्या.

विषय सुचला तो तुमच्याच प्रश्नांमुळे. इंदूर, हैदराबाद, बेळगाव, बंगळुरू, कुठून कुठून आपली मराठी माणसं लिहितात. त्यातला एक प्रश्न वरचेवर येतो : "मुलगा अमेरिकेहून येतोय. माणशी दोन लिटर आणता येते. स्कॉच आपल्याला ठाऊक आहे, पण हे बर्बन आणि राय काय प्रकरण आहे? कोणती बाटली आणायला सांगू?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलो तर थेट सव्वादोनशे वर्षं मागे, एका सैन्याच्या कूचापाशी जाऊन पोचलो. म्हणून हा भाग.

दोन गोष्टी आधीच सांगतो. मी कुणाला प्या म्हणत नाही. जो पीत नाही तो शहाणा, त्याने तसंच राहावं. बडोदा-सुरतेच्या मंडळींनी हा निव्वळ इतिहासाचा तास समजावा. आणि महाराष्ट्रातल्यांनी लक्षात ठेवावं की तिथे आजही पिण्यासाठी परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. आता सुरुवात करू.

"साहेब, लेबल तर बरोबर होतं"

मी कंपनी कमांडर असताना माझ्या कंपनीत एक नाईक होता. नाव सांगत नाही. सड्या अंगाचा, नेमबाजीत पक्का, रात्रीच्या गस्तीला पुढे तोच. पंधरा-सोळा वर्षं नोकरी करून पेन्शनवर गेला आणि एका शहराच्या वेशीवर गोदामात पहारेकरी म्हणून लागला.

घरी पुतण्याचं बारसं होतं. पाहुणे आलेले. महिन्याचा कॅन्टीनचा कोटा संपला होता. कुणीतरी सांगितलं, अमुक ठिकाणी कॅन्टीनच्या भावात बाटली मिळते. याने दोन आणल्या. नावाजलेल्या कंपनीचं लेबल होतं, झाकण होतं, सगळं जिथल्या तिथे. रात्री तो आणि त्याचा साडू बसले. सकाळी साडूला उठवलं तर तो उठला नाही. आणि हा उठला तो "अजून अंधार का आहे?" असं विचारत.

आत मिथेनॉल होतं. ते पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते डोळ्यांच्या नसा खातं. बातमी कळल्यावर मी त्याला भेटायला गेलो. मी खाटेशी बसलो, आवाज ओळखून त्याने पडल्या पडल्या सावधान केलं. मग म्हणाला, "साहेब, लेबल तर बरोबर होतं. मी बघून घेतलं होतं."

परत येताना गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली. कॅप्टन असताना मी वर्षभर मेस सेक्रेटरी होतो. दर महिन्याला मेसमधल्या रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेऊन जायचा. चांगल्या, अख्ख्या, लेबलसकट. त्या चार पैशांच्या पावतीवर माझी सही असायची. अख्ख्या बाटलीला फुटक्यापेक्षा जास्त भाव का मिळतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

म्हणून लेबल हा माझ्यासाठी शौकाचा विषय नाही. बाटलीच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, दिसतं ते फक्त बाहेरचं. तेव्हा बाहेर लिहिलेलं खरं असेल याची हमी कोण घेणार? अमेरिकेत या एका प्रश्नावर शंभर वर्षं भांडण चाललं, आणि बर्बन-रायच्या बाटलीवर आज जे शब्द दिसतात ते त्या भांडणातूनच आले आहेत.

धान्य डोंगरापलीकडे कसं न्यायचं?

आधी राय म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे गोंधळ होतो. राय म्हणजे मोहरी नव्हे. गव्हाच्या जातकुळीतलं, थंड मुलखात निकस जमिनीतही तग धरणारं ते एक धान्य आहे. युरोपातून आलेले शेतकरी ते पेनसिल्व्हेनियात पिकवत आणि त्याची व्हिस्की गाळत. मका हे तिथलं मूळचं अमेरिकी धान्य. ते दक्षिणेकडे केंटकीत उदंड पिके. रायची ती राय व्हिस्की, मक्याची ती बर्बन. ढोबळ हिशेब एवढाच.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा डोक्यावर युद्धाचं कर्ज होतं. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये देशात गाळलेल्या दारूवर कर बसवला. कागदावर हे ठीक दिसत होतं. पण पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी डोंगरापलीकडे राहत होता. घोड्याच्या पाठीवर धान्य लादून पूर्वेच्या बाजारात न्यायचं तर धान्याच्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग. त्याच धान्याची व्हिस्की केली की तोच घोडा सहापट धान्याचा ऐवज वाहून नेई. त्या भागात रोकड फारशी नव्हती. मजुरी, उधारी, देवघेव व्हिस्कीत चाले. म्हणजे व्हिस्की हेच त्यांचं नाणं. सरकारला मात्र कर रोख हवा होता. शिवाय मोठ्या डिस्टिलरीला गॅलनमागे कर कमी पडे आणि छोट्या भट्टीवाल्याला जास्त. खटला झाला तर हजर राहायचं ते फिलाडेल्फियाला, शेकडो मैलांवर, ऐन हंगामात शेत सोडून.

जुलै १७९४ मध्ये पिट्सबर्गजवळ कर वसुली अधिकारी जॉन नेव्हिल यांच्या घराला शेतकऱ्यांनी वेढा घातला. एक सैनिक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. नेव्हिल स्वातंत्र्ययुद्धातले सेनाधिकारी होते. आणि वेढा घालणाऱ्यांचा म्होरक्या मेजर जेम्स मॅकफार्लेन, हाही त्याच युद्धात लढलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी एका झेंड्याखाली असलेली माणसं आता एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती. गोळीबार थांबला असं वाटून मॅकफार्लेन आडोशातून बाहेर आला आणि गोळी लागून पडला. चिडलेल्या जमावाने घर जाळलं.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी चार राज्यांतून सुमारे तेरा हजार मिलिशिया उभी केली. लोकांनी तिची टर उडवली, "कलिंगड फौज" असं नाव ठेवलं. पण वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून बेडफर्डपर्यंत गेले. पदावर असताना फौजेबरोबर मैदानात निघालेला हा एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. फौज पोचेपर्यंत बंड विरलं होतं. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली, वॉशिंग्टन यांनी दोघांनाही माफी दिली. आणि १८०२ मध्ये, जेफरसन यांच्या काळात, तो करच रद्द झाला.

या प्रसंगातून चिडून शेतकरी केंटकीला पळाले आणि तिथे बर्बन जन्मली, अशी एक सुरस कथा सांगतात. ती मानू नका. केंटकीत व्हिस्की त्याआधीपासून गाळली जात होती. बर्बन एलिजा क्रेग नावाच्या धर्मोपदेशकाने शोधली, ही दुसरी कथा. तिलाही आधार नाही. बर्बन हे नाव आलं ते फ्रान्सच्या राजघराण्यावरून. युद्धात फ्रान्सने मदत केली म्हणून तिकडच्या एका परगण्याला ते नाव दिलं होतं. पण तिथून ते बाटलीवर नेमकं कसं चढलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

सेनापतीची भट्टी

माझी मुलगी आणि जावई व्हर्जिनियात असतात. त्यांच्या घरापासून वॉशिंग्टन यांची माउंट व्हर्नन ही इस्टेट फार लांब नाही. जावई मला पर्यटक म्हणून घर दाखवायला घेऊन गेला; मी मात्र तीन मैलांवरच्या भट्टीपाशीच रमलो.

ज्या माणसाने व्हिस्कीच्या करासाठी फौज नेली, त्यानेच राष्ट्राध्यक्षपद सोडताना, १७९७ मध्ये, व्हिस्की गाळायला सुरुवात केली. जेम्स अँडरसन नावाचा त्यांचा स्कॉटिश कारभारी मागे लागला होता. तांब्याच्या पाच भट्ट्या बसवल्या. १७९९ मध्ये तिथे जवळजवळ अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली. त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या डिस्टिलऱ्यांपैकी ती एक होती. मिश्रण होतं साठ टक्के राय, पस्तीस टक्के मका, पाच टक्के सातूचं माल्ट. पिंपात मुरवण्याची भानगड नाही. गाळली की विकली, पाण्यासारखी पांढरी.

भट्टीची इमारत आता जुन्या पायावर पुन्हा उभी केली आहे. तिथला मार्गदर्शक एक गोष्ट आवर्जून सांगतो, तीही सांगायला हवी : पहाटेपासून ती भट्टी पेटवणारे, पिठाचा लगदा ढवळणारे हात गुलामांचे होते. स्वातंत्र्याच्या सेनापतीच्या हिशेबवहीत त्यांची नावं मालमत्तेच्या रकान्यात आहेत. इतिहास असा एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने घसा जाळणारा असतो.

खरा कर्नल, मानाचा कर्नल

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. व्हिस्की तेव्हा पिंपाने विकली जाई. दुकानदार पिंपाला नळ लावून गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतून द्यायचा. डिस्टिलरीतून पिंप निघालं ते दुकानात पोचेपर्यंत मध्ये कितीजणांनी त्यात काय ओतलं, देव जाणे. मध्यस्थ व्यापाऱ्यांना रेक्टिफायर म्हणत. त्यातले काही सरळ होते. बरेचसे मात्र स्वस्त कोऱ्या मद्यार्कात रंगासाठी कॅरॅमल, गोडीसाठी सुक्या आलुबुखारचा रस, आणि घशाला चटका बसावा म्हणून आम्लं घालून त्याला "जुनी बर्बन" म्हणत. चार वर्षं मुरलेल्या व्हिस्कीचा रंग चार मिनिटांत.

१८७० मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन या औषधविक्रेत्याने एक युक्ती केली. "ओल्ड फॉरेस्टर" ही आपली बर्बन तो फक्त सीलबंद बाटलीतूनच विकू लागला. डॉक्टरांना औषधासाठी खात्रीची व्हिस्की हवी असे, त्यांचा भरवसा सीलवर बसला.

दुसरा माणूस कर्नल एडमंड टेलर. थांबा, या "कर्नल" शब्दावर माझा हक्क आहे. आमच्याकडे ती पट्टी खांद्यावर यायला आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं जातात. केंटकीत मात्र राज्यपाल ही पदवी मान म्हणून देतात! तर हे मानाचे कर्नल डिस्टिलरीवाले होते आणि भेसळवाल्यांनी त्यांचा बाजार बसवत आणला होता. त्यांनी, अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या साथीने, सरकारकडून एक कायदा करून घेतला. मार्च १८९७, बॉटल्ड-इन-बाँड कायदा.

अटी चारच, पण फौजी शिस्तीच्या. व्हिस्की एकाच डिस्टिलरीची हवी. एकाच हंगामात गाळलेली हवी, म्हणजे जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर. सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली हवी. आणि बाटलीत भरताना १०० प्रूफ, म्हणजे बरोबर पन्नास टक्के मद्यार्क हवा. कुठे गाळली ते बाटलीवर लिहायचं. गोदामाचा ताबा मालक आणि सरकारी अधिकारी या दोघांचा, आमच्या कोतसारखा. एकट्याला आतलं काही हलवता येत नाही. आणि बाटलीच्या बुचावरून सरकारी हिरवी पट्टी. तिच्यावर गाळल्याचा हंगाम आणि भरल्याचा हंगाम छापलेला.

टेलर यांचा यात स्वार्थ होता, हे उघड आहे. पण कधी कधी एखाद्याच्या स्वार्थातून सगळ्यांचं भलं होतं. ग्राहकाला आतल्या मालाची हमी देणारा हा अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रीय कायद्यांपैकी एक. अन्न आणि औषधांतल्या भेसळीविरुद्धचा मोठा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०६ मध्ये आला.

तो आला आणि भांडण पेटलं : मुळात व्हिस्की म्हणायचं कशाला? रसायनतज्ज्ञ हार्वे वायली म्हणत, मुरवलेली निखळ तीच व्हिस्की. रेक्टिफायर म्हणत, आमचीही व्हिस्कीच. शेवटी प्रकरण राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यापुढे गेलं. ते पेशाने न्यायाधीश. डिसेंबर १९०९ मध्ये त्यांनी निवाडा दिला : धान्यापासून केलेल्या दोन्हींना व्हिस्की म्हणा, पण गिऱ्हाइकाला फरक कळू द्या. निखळ असेल तर "स्ट्रेट" लिहा, कोरा मद्यार्क मिसळला असेल तर "ब्लेंडेड" लिहा. आणि उसाच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काला मात्र व्हिस्की म्हणायचं नाही.

मंडळी, हे शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढून पुसला. कारण आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया मळीचाच मद्यार्क असतो. युरोपात म्हणूनच ती व्हिस्की या नावाने विकता येत नाही. तीस वर्षं कॅन्टीनमधून आणलेल्या बाटलीच्या मागची बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती.

बंदी, इकडची आणि तिकडची

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधल्या काळात औषधी व्हिस्की विकण्याचा परवाना फक्त सहा कंपन्यांकडे होता. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून दहा दिवसांत एक पाइंट मिळे. दारूबंदीची अंमलबजावणी अर्थखात्याकडे, आणि अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांची "ओल्ड ओव्हरहोल्ट" या पेनसिल्व्हेनियाच्या नामांकित राय व्हिस्कीत भागीदारी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणणार नाही, पण नियतीलाही विनोद कळतो.

पुढची गोष्ट विनोदाची नाही. चोरटे लोक कारखान्यांतला औद्योगिक मद्यार्क पळवून पिण्यायोग्य करून विकत. तो कुणी पिऊ नये म्हणून सरकारने त्यात मिथेनॉल मिसळणं सक्तीचं केलं होतं आणि १९२६-२७ च्या सुमारास त्याचं प्रमाण वाढवलं. लोक प्यायचे थांबले नाहीत. मरू लागले, आंधळे होऊ लागले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी उघडपणे सरकारला दोष दिला. हे वाचताना मला आमचा नाईक आठवला. शंभर वर्षांचं अंतर, सात समुद्र पलीकडचा देश, आणि विष तेच.

आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. गुजरातेत ती बंदी आजही आहे, महाराष्ट्रातला परवाना हा त्याच कायद्याचा वारसा. आणि २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. तिथेही मिथेनॉलच. त्यांच्या हातात तर लेबलसुद्धा नव्हतं.

उतरण आणि पुन्हा चढण

बंदी उठल्यावर नियम आणखी पक्के झाले. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवायची, हा दंडक त्याच दशकातला. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. म्हणून ती पिंपं स्कॉटलंडला जातात आणि आपल्या आवडत्या स्कॉचमध्ये बर्बनचा अंश उतरतो. मे १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन ठरवलं.

गंमत अशी की याच सुमारास लोकांना ती नकोशी होऊ लागली. तरुण पिढी व्होडकाकडे वळली. डिस्टिलऱ्या बंद पडल्या. राय तर इतकी मागे पडली की ज्या पेनसिल्व्हेनियाने तिच्यासाठी बंड केलं तिथून ती जवळजवळ नाहीशी झाली. ओल्ड ओव्हरहोल्टसारखी जुनी नावं केंटकीत गाळली जाऊ लागली, तीही वर्षातले मोजके दिवस.

१९८४ मध्ये एल्मर ली या डिस्टिलरने "ब्लँटन्स" काढली. एका बाटलीत एकाच पिंपाची व्हिस्की, ही कल्पना त्याने बाजारात रुजवली. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस बी-२९ विमानात रडारवर बॉम्ब टाकणारा सैनिक होता. लोकांनी पाठ फिरवलेल्या मालाला त्याने घाईने स्वस्त केलं नाही. उलट निवडून, वेचून, मान देऊन पुढे ठेवलं. बर्बनचे दिवस फिरले ते अशा माणसांमुळे.

आता खरेदी

तर मुलाला कोणती बाटली आणायला सांगायची? ब्रँडचं नाव शेवटी बघा. आधी हे शब्द शोधायला सांगा.

पहिला शब्द "स्ट्रेट". बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मका, राय म्हणजे किमान ५१ टक्के राय. "स्ट्रेट" असेल तर ती निदान दोन वर्षं मुरलेली आणि वरून रंग-स्वाद न घातलेली. अमेरिकी "ब्लेंडेड व्हिस्की" लिहिलेलं असेल तर त्यात निखळ व्हिस्की फक्त वीस टक्केही असू शकते. स्कॉचच्या "ब्लेंडेड"शी याची गल्लत करू नका, दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

दुसरं, वय. चार वर्षांहून कमी असेल तर लिहावंच लागतं. स्ट्रेट आहे आणि वय लिहिलेलं नाही, तर निदान चार वर्षांची आहे असं समजा. आकडा लिहिला असेल तर तो आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा. आणि आपण स्कॉचच्या सवयीने बारा, अठरा शोधतो, तसं करू नका. केंटकीचा उन्हाळा कडक, पिंप नवं कोरं; व्हिस्की तिथे लवकर मुरते. लोणचं मुरायला हवं हे खरं, पण जास्त मुरलं की नुसता खार उरतो. फार जुनी बर्बन लाकूड चावल्यासारखी लागू शकते.

तिसरं, "बॉटल्ड इन बाँड". १८९७ च्या त्याच चार अटी आजही लागू आहेत. हिरवी पट्टी आता सक्तीची नाही, पण शब्दांमागचा कायदा जिवंत आहे. माझ्या मते पैशाचं चीज करणारा लेबलवरचा हाच शब्द. रायमध्ये "रिटनहाउस" ही अशी बाटली आहे, तिकडे ती फार महागही नाही.

चौथं, कुणी गाळली? लेबल उलटं करा. "डिस्टिल्ड बाय" आणि "बॉटल्ड बाय" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कितीतरी नव्या कंपन्या इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या एका प्रचंड कारखान्यातली ९५ टक्के राय विकत घेतात आणि आपलं नाव लावतात. माल उत्तम असतो, त्यात गुन्हा काहीच नाही. गुन्हा आहे तो आजोबांच्या भट्टीची कथा रचण्यात. आयोवाच्या एका राय ब्रँडला अशाच प्रकरणात २०१५ मध्ये तडजोड करून ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले. आणि एक सापळा : केंटकीतही एक लॉरेन्सबर्ग आहे, तिथे "वाइल्ड टर्की" गाळतात. नकाशावर नाव एकच दिसलं म्हणून फसू नका. फौजेत आम्ही हे पहिल्या वर्षी शिकतो.

पाचवं, प्रूफ. अमेरिकी प्रूफ म्हणजे मद्यार्काच्या टक्क्यांची दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्या कॅन्टीनची बाटली ४२.८ टक्क्यांची असते, हा विचित्र आकडा जुन्या ब्रिटिश मोजमापातून आलेला. तेव्हा बाँडवाली बाटली उघडाल तर हात आखडता ठेवा आणि थोडं पाणी घाला. त्यात कमीपणा नाही.

सहावं, जे शब्द वाचून सोडून द्यायचे. "स्मॉल बॅच" या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. "हाताने केलेली" यालाही नाही. जाड काच, लाकडी बूच, घोड्याचं चित्र, यांचे पैसे तुम्ही भरता, ते पोटात जात नाहीत.

चवीचं म्हणाल तर बर्बन गोडसर, भाजलेल्या मक्याच्या आणि काकवीच्या अंगाने जाणारी. राय कोरडी, मिरपूड घातल्यासारखी. बर्बनमध्ये रायऐवजी गहू घातला की ती मऊ होते; "मेकर्स मार्क" तशी. घरात पहिल्यांदाच आणत असाल तर बर्बनपासून सुरुवात करा. हजारो डॉलरच्या दुर्मीळ बाटलीचा नाद करू नका. ती व्हिस्की राहत नाही, शेअर बाजार होतो.

भारतात विकत घेणार असाल तर २०२५ च्या फेब्रुवारीत बर्बनवरचा आयात कर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आला. त्यावर राज्याचा कर वेगळा, म्हणून बंगळुरूचा भाव मुंबईला लागू नाही. परवानाधारक दुकान, आयातदाराचं छापील लेबल, बऱ्याच राज्यांत असलेला अबकारी होलोग्राम, न उघडलेलं सील, आणि पावती. यातलं एकही नसेल तर बाटली खाली ठेवा. कितीही स्वस्त असो. स्वस्त असेल तर आधी ठेवा.

जाता जाता

गेल्या वर्षी मुलीकडून आलेली एक बाँडवाली राय मी सांभाळून प्यायलो. संपली तेव्हा बाटली पाण्यात भिजत घातली, लेबल खरवडून काढलं, झाकण वाकवलं आणि काच गोणपाटात गुंडाळून फोडली. बायको म्हणाली, "इतकी सुंदर बाटली, मनी प्लँट लावला असता." मी काही बोललो नाही.

नाईक आता गावी असतो. त्याला अपंगत्वाचा दाखला मिळवून द्यायला आम्ही काही जणांनी धडपड केली, तो मिळाला. दिवाळीला त्याचा फोन येतो. नातीला तो फौजेच्या गोष्टी सांगतो. बारशाची गोष्ट सांगत नाही.

अमेरिकेत एका साध्या कागदी पट्टीमागे सरकारने कुलूप, किल्ली आणि आपली जबाबदारी उभी केली, तेव्हा कुठे लोकांनी लेबलवर विश्वास ठेवला. आपल्याकडे ते काम अजून अर्धंच झालंय. कायदे आहेत, होलोग्राम आहेत. पण भंगारात गेलेली अख्खी बाटली कुठे जाते, हे आपण कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून आज शेवटी एकच विनंती. तुम्ही काय विकत घेता ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रिकामी बाटली घराबाहेर जाताना तिचं लेबल फाडा, झाकण मोडा. दोन मिनिटं लागतात. कोण जाणे, कुठल्या बारशाचा पाहुणा त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून उजेड बघेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. जय हिंद.